जॉब फेल, तरी एक्झिट कोड शून्य: अपयश नेमकं कुठे गिळलं जातं?

एक्झिट कोड म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा: शून्य म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे सहसा अपयश. लक्षणं अशी. रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) पायथनची स्क्रिप्ट चालते. लॉग उघडला तर त्यात एरर ढळढळीत दिसतो. तरी मॉनिटरिंगवर हिरवा दिवा, पुढचा जॉब बिनधास्त सुरू, आणि सकाळी गिऱ्हाइकाचा फोन. नागपुरात आमच्याकडे हा प्रश्न जवळपास ठरलेल्या शब्दांत येतो: "भाऊ, जॉब तर फेल होऊन राहिला, पण स्टेटस झिरोच दाखवून राहिला. काऊन?"

एक ताजं उदाहरण घेतो. कळमना बाजारातली संत्र्याची रोजची आवक एका अडत्याच्या बिलिंगमध्ये टाकणारा जॉब. आधी आयात, ती यशस्वी झाली तरच बिलं, म्हणून दोन्ही कमांड मध्ये && टाकून जोडलेल्या. एके रात्री आवकेची फाइलच आली नाही. आयात करणारा प्रोग्राम इमानदारीने १ कोड देऊन थांबला. तरी बिलं निघाली, आणि ती आदल्या दिवशीच्या भावाने. आंबिया बहाराच्या ऐन हंगामात भाव रोज हलतो, तेव्हा अडत्या काय बोलला असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आयात करणारा प्रोग्राम थेट लावलेला नव्हता, एक पायथन स्क्रिप्ट त्याला चालवायची. त्या स्क्रिप्टची शेवटची ओळ ही होती (नावं देवनागरीत लिहितोय, तुमच्या फाइलमध्ये अर्थातच रोमनमध्ये असतील):

सिस.एक्झिट(ओएस.सिस्टम("आवक_आयात"))

वाचायला निर्दोष. आतली कमांड जो कोड देईल तोच आपण बाहेर द्यायचा, असा हेतू. लिनक्सवर ही ओळ नेमकं उलटं करते.

२५६ चा घोटाळा

लिनक्सवर ओएस.सिस्टम एक्झिट कोड परत देतच नाही. ते देतं वेट स्टेटस, म्हणजे चाइल्ड प्रोसेस (आपण सुरू केलेला प्रोग्राम) संपल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) पॅरेंटच्या, म्हणजे सुरू करणाऱ्याच्या, हातात जो आकडा ठेवतो तो जसाच्या तसा. त्या आकड्यात दोन बातम्या एकत्र बांधलेल्या असतात. खालच्या ७ बिटांत सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला बाहेरून मिळणाऱ्या इशाऱ्याचा, नंबर (प्रोसेस सिग्नलने मेली असेल तर), त्यावरच्या एका बिटात कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची प्रत) पडला का ते, आणि त्याच्या वरच्या ८ बिटांत खरा एक्झिट कोड. धान्याचं पोतं बारदान्यासकट काट्यावर ठेवावं तसं हे वजन आहे. बारदाना वजा केल्याशिवाय पट्टी लिहायची नसते.

आता हिशोब करा. कमांडने १ दिला. वेट स्टेटस झालं १ गुणिले २५६, म्हणजे २५६. हा २५६ आपण सिस.एक्झिटला दिला. पण प्रोसेस संपताना कर्नल त्या आकड्याचे खालचे ८ बिटच ठेवतो, म्हणजे २५६ ने भागून उरेल ती बाकी. २५६ ची बाकी शून्य. कमांड २ देऊन मेली तरी ५१२, बाकी शून्य. ३ ला ७६८, तीही शून्य. कमांडने कुठलाही कोड दिला तरी बाहेर येणार शून्यच. हा बग कधीतरी डोकं वर काढणाऱ्यातला नाही, दर वेळी हमखास येणारा आहे. फक्त आयात बिघडत नाही तोवर कोणाच्या लक्षात येत नाही.

"पण माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर १ येऊन राहिला!" हे वाक्य याच्या पाठोपाठ येतंच, आणि ते खरंही असतं. विंडोजवर ओएस.सिस्टम शेलचा (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) कोड सरळ परत देतं, तिथे वेट स्टेटसची भानगड नाही. घरी विंडोजवर तपासलेली स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर गेली की ही ओळ गुपचूप अर्थ बदलते.

तपासायची रीत सोपी आहे, मात्र १ वापरून तपासू नका. १ कुठूनही येतो: न पकडलेल्या एक्सेप्शनमुळे (चालता प्रोग्राम तोडणाऱ्या चुकीमुळे) येतो, ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) काही सापडलं नाही तरी येतो. मी ३ वापरतो. ओएस.सिस्टमला "एक्झिट ३" ही कमांड द्या आणि परत आलेला आकडा छापा. लिनक्सवर ७६८ दिसेल. मग तोच आकडा सिस.एक्झिटला देऊन स्क्रिप्ट संपवा आणि शेलमध्ये $?, म्हणजे आधीच्या कमांडचा एक्झिट कोड, छापा. शून्य.

अर्धवट इलाज

इंटरनेटवर शोधलं की पहिलं उत्तर मिळतं: आलेला आकडा ८ बिट उजवीकडे सरकवा, म्हणजे >> 8 करा. पर्लवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत, कारण पर्लचं सिस्टमही वेट स्टेटसच देतं. ७६८ सरकवला की ३ मिळतो. प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

सुटलेला नसतो. कमांड सिग्नलने मारली गेली, समजा मेमरी संपली म्हणून कर्नलने सिग्नल ९ देऊन ठार केली, तर वेट स्टेटस येतं नुसतं ९, कारण सिग्नल खालच्या बिटांत असतो. ९ ला ८ बिट उजवीकडे सरकवलं की शून्य. म्हणजे साधं अपयश पकडलं जातं आणि सगळ्यात वाईट अपयश यश म्हणून पुढे जातं. वर आणखी एक गंमत: ओएस.सिस्टम कमांड थेट चालवत नाही, मधे एक शेल चालवतं. शेलने ती एकच कमांड आपल्या जागी थेट चढवली तर तुम्हाला ९ दिसतो; स्वतः थांबून तिची वाट पाहिली तर तो सिग्नलचं भाषांतर करून १३७ हा एक्झिट कोड देतो. एका मशीनवर बग येतो आणि दुसऱ्यावर येत नाही, याचं कारण बरेचदा हेच.

पायथन ३.९ पासून ओएसमध्ये वेटस्टेटस_टू_एक्झिटकोड नावाचं फंक्शन आलंय. वेट स्टेटस घेऊनच काम करायचं असेल तर तेच वापरा. साध्या एक्झिटला ते कोड देतं आणि सिग्नलला ऋण आकडा, म्हणजे सिग्नल ९ ला उणे ९.

खरं सांगायचं तर नव्या कोडमध्ये ओएस.सिस्टमची गरजच नाही. सबप्रोसेस.रन वापरा, कमांड आणि तिचे आर्ग्युमेंट यादी म्हणून द्या, आणि चेक=ट्रू ठेवा. मग शून्याशिवाय काहीही आलं की एक्सेप्शन उठतं, आणि ते कोणी मुद्दाम गिळलं नाही तर तुमची स्क्रिप्टही १ देऊन थांबते. निव्वळ पुढच्या कमांडला अडवायचं असेल तर एवढं पुरे.

आतला कोड जसाच्या तसा बाहेर हवा असेल तर मात्र शेवटचा एक दगड पार करावा लागतो. सबप्रोसेसचा रिटर्नकोड सिग्नलच्या वेळी ऋण असतो. तो उणे ९ तसाच सिस.एक्झिटला दिला तर बाहेर २४७ येतो. निदान शून्य तरी नाही, पण २४७ बघून सकाळी कोणाला काही कळणार नाही. शेलची पद्धत १२८ अधिक सिग्नल अशी आहे, तीच पाळा: रिटर्नकोड ऋण असेल तर १२८ मधून तो वजा करा. १२८ वजा उणे ९, म्हणजे १३७. हा आकडा ओळखणारे लोक तरी आहेत.

सिस.एक्झिट चालला, पण प्रोसेस थांबलीच नाही

ओएस.सिस्टम काढून टाकलं तरी शून्य येत असेल तर गळती इंटरप्रिटरच्या (तुमचा कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत शोधा. पायथनमध्ये सिस.एक्झिट प्रोसेस बंद करत नाही. ते सिस्टमएक्झिट नावाचं एक्सेप्शन उठवतं, ते वर वर जात शेवटी इंटरप्रिटरपर्यंत पोहोचलं की मग प्रोसेस संपते. मध्ये कोणी झेललं तर खेळ संपला. एक्सेप्शनचं नाव न लिहिता नुसतं "एक्सेप्ट:" लिहिलेला ब्लॉक ते हमखास झेलतो, "काहीतरी चुकलं" असं लॉगमध्ये लिहितो आणि पुढे चालू लागतो. "एक्सेप्ट एक्सेप्शन:" लिहिलंत तर सिस्टमएक्झिट त्यात अडकत नाही, ते मुद्दामच वेगळ्या घराण्यात ठेवलंय. फायनली ब्लॉकमधला रिटर्नही असाच घातक, तो वर जाणारं एक्सेप्शन चुपचाप टाकून देतो.

थ्रेडमध्ये (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम) सिस.एक्झिट मारला तर फक्त तो थ्रेड संपतो. थ्रेडमध्ये एक्सेप्शन फुटलं तर ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याचा माग) छापला जातो, पण मुख्य थ्रेड सुखाने शेवटपर्यंत गेला की प्रोसेसचा कोड शून्य. लॉगमध्ये भलामोठा ट्रेसबॅक आणि तरी शून्य, असं दिसलं की मी पहिलं विचारतो, "थ्रेड वापरून राहिला का?" इलाज म्हणजे थ्रेडपूल वापरून प्रत्येक कामाचा रिझल्ट मुख्य थ्रेडमध्ये मागून घ्यायचा. मागितला की आतलं एक्सेप्शन तिथे पुन्हा उठतं.

आणि ट्रू-फॉल्स. मेन फंक्शन यशस्वी झालं तर ट्रू परत देतं आणि कोणीतरी तेच सिस.एक्झिटमध्ये घालतं. पायथनमध्ये ट्रू म्हणजे १ आणि फॉल्स म्हणजे ०. यश आलं की कोड १, अपयश आलं की ०. हा उलटा दिवा एकदा लागला की लोक मॉनिटरिंगचाच नियम उलटा करून ठेवतात. असं प्रत्यक्ष चालू असलेलं पाहिलंय.

स्ट्रिंगच्या बाबतीत भाषा बदलली की सवय बदलावी लागते. पायथनच्या सिस.एक्झिटला मजकूर दिला तर तो एरर स्ट्रीमवर छापला जातो आणि कोड १ येतो. पीएचपीच्या एक्झिटला मजकूर दिला तर तो छापला जातो आणि कोड शून्य. दोन्ही भाषांत काम करणाऱ्याने हे भिंतीवर चिकटवून ठेवावं.

पायथन निर्दोष, मग शेलकडे बघा

क्रॉनमध्ये स्क्रिप्ट थेट लावलेली क्वचितच असते, मध्ये एक रॅपर, म्हणजे तिला चालवणारी छोटी शेल स्क्रिप्ट, असतो. त्या रॅपरमध्ये आउटपुट टी कमांडला (आलेला मजकूर फाइलमध्ये लिहून पुढेही देणारी) पाइप करून लॉगमध्ये टाकलेलं असतं. पाइपलाइनचा कोड हा तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड. टीने लॉग व्यवस्थित लिहिला, म्हणून शून्य. पायथनचं काय झालं ते कोणी विचारलंच नाही. बॅश या शेलमध्ये सेट -ओ पाइपफेल लावा, मग मधली कमांड फसली तरी पाइपलाइनचा कोड शून्य येत नाही.

लावल्यावर "इल्लीगल ऑप्शन" असं आलं तर तुमची स्क्रिप्ट बॅशमध्ये चालतच नाहीये. क्रॉन साध्या एसएच शेलने कमांड चालवतं, आणि उबंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हा वेगळा शेल आहे. रॅपरच्या पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता द्या आणि फाइल थेट चालवा, "एसएच रॅपर" असं नको, नाहीतर पहिली ओळ कोणी वाचणारच नाही.

रॅपरच्या शेवटी "जॉब संपला" असं एको केलं असेल तर बाहेर जाणारा कोड त्या एकोचा. पायथन संपल्याबरोबर $? एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, हवं ते एको करा, मग त्या व्हेरिएबलने एक्झिट करा. फंक्शनमध्ये लोकल लिहून त्याच ओळीत कमांडचा निकाल भरला तर $? मध्ये लोकलचा कोड येतो, कमांडचा नाही. दोन ओळी करा. सेट -ई वर (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सेटिंग) भिस्त ठेवू नका, इफच्या आत किंवा && च्या डावीकडे असलेल्या कमांडला ते लागू होत नाही.

उलट बाजूही आहे. सगळे शून्येतर कोड म्हणजे अपयश नाही. ग्रेपला ओळ सापडली नाही तर १, खरी चूक झाली तर २. डिफला फरक सापडला तर १. फाइली कॉपी करणारं आरसिंक कॉपी चालू असताना एखादी मूळ फाइल गायब झाली तर २४ देतं, चालत्या सर्व्हरच्या बॅकअपला हे नेहमीचंच. आणि कर्लला (वेबवरून फाइल ओढणारी कमांड) सर्व्हरने ४०४, म्हणजे पान नाही, असं उत्तर दिलं तरी कर्ल शून्यच देतं, कारण त्याच्या मते उत्तर व्यवस्थित आलं. -एफ (लहान अक्षरातला) ऑप्शन दिला की मग २२ येतो. आवकेची फाइल कर्लने ओढत असाल तर हे आधी तपासा.

आकडा वाचायचा कसा

१२७ म्हणजे कमांड सापडली नाही. क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो, म्हणून हाताने चालणारी कमांड तिथे १२७ देते. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही, बहुधा एक्झिक्यूट परवानगी नाही. १२८ च्या वर गेलं की १२८ वजा करून सिग्नल काढा: १३० म्हणजे कंट्रोल-सी, १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, १४१ म्हणजे पाइपचं वाचणारं टोक आधीच बंद झालं (पाइपफेल लावून हेडमध्ये, म्हणजे पहिल्या काही ओळीच घेणाऱ्या कमांडमध्ये, पाइप केलं की हा येतो, घाबरू नका).

१३७ आला की बहुतेक वेळा मेमरी. कर्नलचा लॉग बघा, ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) मारलं असेल तर तिथे प्रोसेसच्या नावासकट नोंद असते. कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालवलेला प्रोग्राम) थांबवतानाही हा येतो: ते चालवणारं डॉकर आधी सिग्नल १५ देतं, १० सेकंद थांबतं, तरी प्रोसेस संपली नाही तर ९.

१४३ म्हणजे कोणीतरी सभ्यपणे थांबायला सांगितलं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि वीज गेली की यूपीएस बॅटरी उतरता उतरता सर्व्हर बंद करायला घेतं, आणि सकाळी अर्ध्या जॉबांवर १४३ असतो. अशा वेळी कोडमध्ये बग शोधत बसू नका, आधी मशीन किती वेळापासून चालू आहे ते बघा.

स्वतःचा इंटरप्रिटर लिहीत असाल तर

इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला स्वतःची छोटी भाषा दरवर्षी कोणी ना कोणी आणतंच. पार्सर (कोड वाचून समजून घेणारा भाग) देखणा असतो, आणि एक्झिट व सिस्टम ही दोन बिल्टइन (भाषेसोबतच येणारी फंक्शन) शेवटच्या रात्री लिहिलेली असतात.

एक्झिट बिल्टइनमधून थेट सीचं एक्झिट बोलावू नका. तसं केलं तर वापरणाऱ्याने लिहिलेले क्लीनअपचे ब्लॉक चालत नाहीत, आणि उद्या तुमचा इंटरप्रिटर कोणी दुसऱ्या प्रोग्राममध्ये बसवला तर स्क्रिप्टमधला एक एक्झिट अख्खा यजमान प्रोग्राम घेऊन जाईल. पायथनसारखं आतल्या आत वर जाणारं एक्सेप्शन करा आणि सगळ्यात बाहेरच्या मेनमध्ये कोड ठरवा. कोणी एक्झिट २५६ लिहिलं तर? बॅश गुमान शून्य देतं. माझं मत, नव्या भाषेने हे करू नये. ० ते २५५ च्या बाहेरचा आकडा आला की एरर द्या आणि १ ने थांबा. घोटाळा तिथेच मरतो.

सिस्टम बिल्टइनमध्ये वेट स्टेटस वापरणाऱ्यापर्यंत पोहोचूच देऊ नका. सीमध्ये त्यासाठी मॅक्रो तयार आहेत. आधी विचारा प्रोसेस नीट संपली का, संपली असेल तरच कोड काढा. नसेल तर सिग्नलने मेली का विचारा आणि सिग्नलचा नंबर काढा. हाताने बिट सरकवायची गरज नाही. वेटपिड (चाइल्ड संपायची वाट पाहणारा कॉल) मध्येच सिग्नल आल्यामुळे ईइंटर हा एरर देऊन परतलं तर पुन्हा बोलवा, ते अपयश नव्हे. फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत करून चाइल्ड बनवल्यावर) एक्झेक (तिच्या जागी नवा प्रोग्राम चढवणं) फसलं तर चाइल्डने अंडरस्कोरवालं एक्झिट वापरावं. साधं एक्झिट वापरलं तर पॅरेंटच्या बफरमधला मजकूर चाइल्डही छापतो आणि आउटपुट दोनदा दिसतं. हा बग घेऊन आलेली पोरं आधी लूपमध्ये चूक शोधून थकलेली असतात.

संपताना आउटपुट फ्लश करा, म्हणजे बफरमध्ये साठलेलं लिहून टाका, आणि फ्लश फसलं का तेही बघा. लिनक्सवर /डेव्ह/फुल नावाची फाइल यासाठी फार कामाची: तिच्यात लिहायला गेलं की नेहमी "डिस्क भरली" असा एरर मिळतो. तुमच्या भाषेतला "नमस्कार" छापणारा प्रोग्राम तिच्यात रीडायरेक्ट करा. कोड शून्य आला तर भरलेल्या डिस्कवर तुमची भाषा अर्धवट रिपोर्ट लिहून यश कळवणार. पायथन ३.६ पासून अशा वेळी १२० देतं.

कंट्रोल-सी आलं की नुसता १३० देऊन संपू नका. क्लीनअप करा, सिग्नलचा हँडलर मूळ स्थितीला न्या आणि तोच सिग्नल स्वतःला पाठवा. तरच बाहेरच्या बॅशला कळतं की वापरणाऱ्याने खरोखर थांबवलंय, आणि बॅशमधला लूपही थांबतो. पायथनने हे ३.८ मध्ये केलं.

सगळं तपासलं, तरी शून्य

एक दुर्मीळ कारण उरतं, आणि ते सापडायला अवघड आहे. तुमच्या स्क्रिप्टने किंवा तिला चालवणाऱ्या पॅरेंटने चाइल्ड संपल्याचा सिग्नल, सिगचाइल्ड, दुर्लक्षित करायला लावला असेल तर कर्नल मेलेल्या चाइल्डची नोंद ठेवतच नाही. मग वेटपिडला काही मिळत नाही, आणि पायथनचं सबप्रोसेस अशा वेळी रिटर्नकोड शून्य धरून चालतं. दुर्लक्ष करण्याची ही सेटिंग एक्झेकमधूनही टिकते, म्हणून दोष तुमच्या फाइलमध्ये दिसतच नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सिग्नल मॉड्यूलने सिगचाइल्डचा सध्याचा हँडलर छापा. तिथे "दुर्लक्ष" आलं तर तो डिफॉल्टवर आणा, आणि पुन्हा ३ देणारी कमांड चालवून $? बघा.